जूनअखेरीस हाय प्लेन्सवर वादळं बघायला यावं का?

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत राहणारं एक मराठी कुटुंब, आईवडील आणि तेरा वर्षांची मुलगी. मुलीला ढगांचं आणि वादळांचं वेड. शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुटते, त्यामुळे ओक्लाहोमाचा मे महिना, म्हणजे तिथल्या वादळांचा भर हंगाम, दरवर्षी हुकतो. "हंगाम संपला, आता पुढच्या वर्षी बघा" असं सगळे सांगतात. डेन्व्हरला उतरून, भाड्याच्या गाडीने आठ-दहा दिवस पूर्व कोलोरॅडो, पश्चिम कॅन्सस आणि नेब्रास्का, म्हणजे हाय प्लेन्सचा उंच माळ, फिरलं तर काही हाती लागेल का? आणि मुलीला घेऊन हे करणं शहाणपणाचं आहे का?

या. फक्त टोर्नेडो दिसलाच पाहिजे हा हट्ट घरी ठेवून या. मी कोलोरॅडोच्या डोंगरपायथ्याशी राहते. मे महिन्यातली ओक्लाहोमाची धावपळ मी केव्हाच सोडली. माझे आवडते दिवस जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचे. "हंगाम संपला" म्हणणारे खोटं बोलत नाहीत, पण ते ओक्लाहोमाबद्दल बोलतायत. जून सरता सरता जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, कॅनडाच्या सीमेकडे सरकतो, ओक्लाहोमा-टेक्ससवर उच्च दाबाचं झाकण बसतं आणि तिथे बहुतेक दिवस नुसतं ऊन उरतं. कोलोरॅडोत मात्र वर्षातले सर्वांत जास्त टोर्नेडो जूनमध्येच होतात. गारांचं तर विचारूच नका. अमेरिकेत मोजली गेलेली सर्वांत मोठी गार, आठ इंच व्यासाची, साउथ डकोटातल्या व्हिव्हियनला पडली 23 जुलै 2010 रोजी. कोलोरॅडोचा विक्रम बेथ्यून गावाजवळ झाला 13 ऑगस्ट 2019 ला, 4.83 इंचांचा. तो मोडला 8 ऑगस्ट 2023 ला युमा काउंटीत, सव्वापाच इंचांच्या गारेने. यातली एकही तारीख मेमधली नाही.

मेमधलं वादळ आणि इथलं उशिराचं वादळ, दोन्ही उठण्याची कारणंच वेगळी. मेमध्ये एखादी मोठी प्रणाली रॉकीज ओलांडून येते, तीन-चार दिवस आधीपासून सगळ्या नकाशांवर दिसते आणि दोन-तीन राज्यांत एकदम दंगा करते. जूनअखेरीस अशा प्रणाली क्वचित येतात. मग वादळ उठवतं कोण? इथली जमीन. कॅन्ससमधल्या गुडलँडहून आय-70 ने पश्चिमेला लिमनपर्यंत या. गाडीत बसून सगळं सपाट वाटतं, पण त्या शंभरेक मैलांत तुम्ही पाचशे मीटर चढलेले असता. गुडलँड अकराशे मीटरवर, लिमन सोळाशेच्या वर. वारा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून आला की तोही हाच चढ चढतो, आणि मेक्सिकोच्या आखाताकडून आलेली ओल सोबत घेऊन चढतो. वर डोंगर दुपारच्या उन्हाने तापलेलेच असतात. तिथे ढग फुटायला वेळ लागत नाही.

आता आणखी वर, आठ-दहा किलोमीटरवर बघा. तिथे वारा पश्चिमेचा किंवा वायव्येचा. फार जोराचा नसतो, पण खालचा पूर्वेचा असल्यामुळे दोघांतला फरक भरपूर होतो, आणि वादळ गरगरायला तेवढं पुरतं. आपल्याकडचा वळीव पाहिलेल्याला हे लगेच समजेल. वळवाचा ढग बहुधा पाऊण-एक तासात स्वतःच्याच पावसात विझतो, कारण हवा जिथून वर चढते तिथेच पाऊस कोसळतो आणि झोत दाबून टाकतो. इथे वरचा वारा पाऊस आणि गारा बाजूला वाहून नेतो, वर चढणारा झोत मोकळा राहतो, आणि एकच वादळ तीन-चार तास चालतं. तेच सुपरसेल.

म्हणून जूनअखेरीस माझा एकच नियम आहे: नकाशावरचा रंग नंतर, आधी जमिनीवरचा वारा. लोक सकाळी नॉर्मनच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा नकाशा उघडतात, कोलोरॅडोवर गडद हिरवा 'मार्जिनल', म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा रंग, दिसला की दिवस सोडून देतात आणि पोहायला जातात. तो नकाशा चूक नसतो, त्याचा प्रश्न वेगळा असतो. एखाद्या जागेच्या आसपास नुकसान करणारं हवामान होण्याची शक्यता किती, हे तो सांगतो. तुम्हाला एकच वादळ हवंय, तेही माळावर एकटं उभं राहिलेलं, आजूबाजूला गर्दी नसलेलं. अशा दिवशी नकाशा बऱ्याचदा हिरवा किंवा फार तर पिवळा असतो. लाल रंगाची वाट बघत बसलात तर दहा दिवस मोटेलमध्ये जातील.

मी सकाळी आधी बघते ती लिमन, अक्रन, बर्लिंग्टन आणि गुडलँड या विमानतळांची ताजी निरीक्षणं. वाऱ्याची दिशा 90 ते 150 अंशांमध्ये, म्हणजे साधारण पूर्वेची ते आग्नेयेची, आहे का? दवबिंदू, म्हणजे हवेतल्या ओलीचं माप, 55 फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण 13 सेल्सियसच्या वर आहे का? ओक्लाहोमात 65 च्या खालच्या दवबिंदूला लोक नाक मुरडतात. इथे हवा मुळातच विरळ, जमीन उंचावर, त्यामुळे 55 पुरतो. लिमनला 60 दिसला तर मी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकते, साहेबाला काय वाटायचं ते वाटो. याउलट वारा पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा झाला असेल तर डोंगरावरून उतरणारी कोरडी हवा ओल पुसून टाकते. अशा दिवशी ढग येतात, उंच तळाचे, विजा पाडतात, धूळ उडवतात आणि जातात.

पूर्वेची लोक इथे येऊन एक चूक हमखास करतात. 850 मिलिबारचा नकाशा बघून ओल किती, वारा किती हे ठरवतात. ती पातळी साधारण दीड किलोमीटर उंचीवर असते. लिमन त्याहून वर आहे! म्हणजे तुम्ही जमिनीखालचा वारा वाचत बसता. इथे जमिनीवरची निरीक्षणं आणि 700 मिलिबार, म्हणजे साधारण तीन किलोमीटरवरची पातळी, या दोन गोष्टींवर भिस्त ठेवा. सगळ्या नकाशांवरची वेळ 'झेड'मध्ये, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत असते. उन्हाळ्यात डेन्व्हरची वेळ त्याहून सहा तास मागे. आणि गुडलँडचं घड्याळ डेन्व्हरचं, पण तिथून पुढच्या कोल्बीचं एक तास पुढे, हेही डोक्यात असू द्या.

दोन खुणा पुस्तकात सहसा सापडत नाहीत. पहिली: आदल्या रात्री नेब्रास्कात मोठा पाऊस झाला असेल तर कोलोरॅडोतल्या माणसाने खूश व्हावं. त्या पावसाची थंड, ओली हवा रात्रभर जमिनीलगत पसरत पश्चिमेला, आपल्या चढावर येते. दुसरी: सकाळी डोंगरपायथ्याशी धुक्यासारखे खालचे ढग दाटलेले असले तर ते शुभ. ओल आली आहे आणि वारा चढतो आहे याची ती पावती. फक्त ते अकरा-बाराच्या सुमारास विरले पाहिजेत. दोन वाजेपर्यंत आभाळ गच्च राहिलं तर जमीन तापत नाही आणि दिवस फुकट जातो.

जागेबद्दल. डेन्व्हर आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज यांच्यामध्ये पामर डिव्हाइड नावाची उंच सोंड पूर्वेला लिमनकडे जाते. उत्तरेला वायोमिंग-कोलोरॅडो-नेब्रास्काच्या सीमेवर शायेन रिज आहे, दक्षिणेला न्यू मेक्सिकोच्या हद्दीवर रॅटन मेसा. वादळं या सोंडांवर आधी उठतात आणि मग माळावर उतरतात. तुमच्यासाठी पामर डिव्हाइड उत्तम: रस्ते भरपूर, डेन्व्हर जवळ, आणि लिमनला आय-70, यूएस-24, यूएस-40, यूएस-287 आणि हायवे 71 सगळे एकत्र येतात, म्हणजे कुठल्याही दिशेला निघता येतं. याच लिमनचा मध्यभाग 6 जून 1990 च्या टोर्नेडोने उद्ध्वस्त केला होता; माणूस एकही दगावला नाही.

याच डिव्हाइडमुळे आणखी एक गंमत होते. आग्नेयेचा वारा ती सोंड ओलांडून उतरताना डेन्व्हरच्या पूर्वेला वळसा घेतो. स्थानिक लोक त्याला डेन्व्हर सायक्लोन म्हणतात, पण चक्रीवादळाशी त्याचा काही संबंध नाही. या वळशाच्या कडेला दोन वारे भिडतात, जमिनीलगत छोटे भोवरे तयार होतात, आणि वर एखादा ढग झपाट्याने वाढत असला तर तो भोवरा ताणला जाऊन लँडस्पाउट होतो. हा टोर्नेडोच, पण खालून वर वाढणारा. बारीक, लांब, बऱ्याचदा उन्हात चमकणारा. रडारवर त्याची खूण फार उशिरा दिसते किंवा दिसतच नाही. 18 जून 2013 ला डेन्व्हर विमानतळावरच टोर्नेडो आला होता आणि तिथल्या यंत्राने ताशी 97 मैल वारा नोंदवला. तेव्हा दुपारी एक-दोनच्या सुमारास विमानतळाच्या पूर्वेला सपाट काळ्या तळाचे ढग रांगेत उभे दिसले, तर घाईने लिमनला पळू नका. थांबून ढगाखालच्या जमिनीकडे बघा. धूळ गोल फिरायला लागली की समजायचं.

आता एक चांगला दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी सातला पहिला अंदाज बघायचा, साडेदहाला सुधारलेला. अकरापर्यंत निघायचं. एकच्या आत लिमन किंवा लास्ट चान्सला पोचायचं. लास्ट चान्स हे यूएस-36 आणि हायवे 71 च्या चौकावरचं जवळजवळ ओस पडलेलं गाव आहे. नाव ऐकून मुली खूश होतात, पण तिथे काही मिळत नाही, म्हणून टाकी आणि डबा आधीच भरून घ्या. मग थांबायचं. हा भाग लोकांना जमत नाही. ढग पश्चिमेला डोंगरांवर बाराला वाढायला लागतात, आणि नवखा माणूस पहिल्या गडगडाटाला गाडी पश्चिमेला वळवतो. वळवू नका. डोंगरावरची पहिली पिढी बहुधा मरते. ओल्या हवेत पाय टाकणारी दुसरी किंवा तिसरी जगते, आणि ती तुमच्याकडेच येते.

साडेतीन-चारला एखादा ढग वेगळा दिसायला लागतो. बाकीच्यांच्या कडा फिसकटलेल्या, याची कड फुलकोबीसारखी घट्ट. माथा पसरून ऐरण झालेला, आणि ऐरणीच्या मधोमध झोत आणखी वर घुसून टेंगूळ आलेलं. तुम्ही त्याच्या आग्नेयेला पाच-सहा मैलांवर, गव्हाच्या शेताच्या कडेला उभे राहा आणि गाडीचं इंजिन बंद करा. पाठीवर वारा येतो, वादळाच्या दिशेने जाणारा. पिकलेल्या गव्हाच्या ओंब्या सगळ्या त्याच दिशेला वाकलेल्या असतात. मेडोलार्क पक्षी गात असतो, कारण त्याच्या डोक्यावर अजून ऊन आहे. ढगाचा तळ सपाट, काळा, आणि त्याच्या पोटावर तिरके पट्टे. एक पट्टा निवडून त्याच्याकडे मिनिटभर बघत राहा. तो सरकतो. उजवीकडे, मागे, पुन्हा समोर. वारा थांबला, किंवा उलटून समोरून गार झुळूक आली, की समजा खेळ बदलला. वादळाची थंड हवा पुढे सरकली आहे आणि तुम्हीही सरकायचं.

इथल्या अशा वादळांत पुष्कळदा पाऊस कमी असतो. हवा कोरडी, तळ उंच, म्हणून अख्खं वादळ पायापासून माथ्यापर्यंत एका नजरेत दिसतं. पूर्वेकडच्या राज्यांत तेच वादळ धुरकट हवेत आणि पावसाच्या पडद्यामागे दडलेलं असतं. माझं मत स्पष्ट आहे: दहा मैलांवरून दिसणारं असं सुपरसेल, पावसात गुंडाळलेल्या टोर्नेडोपेक्षा कधीही चांगलं. वादळांच्या बऱ्याच जुन्या पाठलागकर्त्यांना हे पटत नाही. त्यांचा व्हिडिओ विकला जातो, माझा नाही, एवढाच काय तो फरक.

उभं कुठे राहायचं हे मात्र पाठ करून या. वर चढणारा झोत सहसा वादळाच्या दक्षिण किंवा नैर्ऋत्य अंगाला असतो. गारा आणि मुसळधार पाऊस त्याच्या उत्तरेला आणि ईशान्येला. मेमध्ये वादळ ईशान्येला किंवा पूर्वेला जातं आणि तुम्ही दक्षिणेला निवांत उभे राहता. जूनअखेरीस वरचा वारा वायव्येचा असतो, त्यामुळे वादळ आग्नेयेला, कधी थेट दक्षिणेला येतं. म्हणजे तुम्ही जिथे उभे, तिथेच. वेग कमी असतो, ताशी पंधरा-वीस मैल, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण दक्षिणेला जाणारा डांबरी रस्ता हाताशी नसेल तर तिथे थांबायचंच नाही. पूर्व कोलोरॅडोत मैलामैलावर काउंटी रोड आखलेले दिसतात, नकाशावर फार सुंदर दिसतात, आणि त्यातले बरेच मातीचे आहेत. चार सरी पडल्या की त्या मातीवर मोठ्या गाड्याही आडव्या होतात. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुधा मनाई असते, तेही वाचा. रे गावाच्या दक्षिणेला आणि नेब्रास्काच्या सँडहिल्समध्ये तर रस्तेच मोजके. तिथे वादळ गेलं तर जाऊ द्या.

रडार ॲप ठेवाच, पण रडारवर गाडी चालवू नका. चित्र चार-सहा मिनिटं जुनं असतं, नेटवर्क गेलं की त्याहून जुनं, आणि माळावर नेटवर्क जातंच. चित्रावरची वेळ वाचायची सवय मुलीला लावा. नकाशाचं जाडजूड कागदी पुस्तकही तिच्याच मांडीवर द्या. या वयाची मुलं उत्तम वाटाडे होतात आणि फोन बाजूला राहतो. राष्ट्रीय हवामान सेवेचं स्कायवॉर्न प्रशिक्षण, म्हणजे वादळ ओळखून कळवण्याचं शिक्षण, फुकट असतं, ते तिघांनी निघायच्या आधी करून टाका.

धोक्याचं विचारलंत. सगळे टोर्नेडोबद्दल विचारतात. 31 मे 2013 ला ओक्लाहोमातल्या एल रीनोला 2.6 मैल रुंद टोर्नेडोने टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांचा बळी घेतला, आणि या क्षेत्रात त्यांच्याइतका अनुभव फार थोड्यांचा होता. म्हणून कुटुंब घेऊन येणाऱ्यांना मी सांगते: ढगाच्या काळ्या तळापासून तीन-चार मैलांच्या आत शिरायचं नाही, आणि पावसाच्या पडद्यातून पलीकडे जायचा शॉर्टकट कधीही नाही. एवढं पाळलंत तर टोर्नेडो तुमची मुख्य काळजी उरत नाही.

मुख्य काळजी रस्ता. मार्च 2017 मध्ये टेक्ससमधल्या स्पर गावाजवळ दोन पाठलागकर्त्यांच्या गाड्या चौकात धडकल्या आणि तिघे गेले. एका गाडीला स्टॉप साइन होती, ती थांबली नाही. ढगाकडे बघायचं ते गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर लावून. चालवणाऱ्याने वर बघायचंच नाही. साडेआठला सूर्य मावळतो, त्यानंतर पाठलाग बंद. रात्री ही वादळं एकत्र येऊन कॅन्ससकडे सरकणारी मोठी रांग होते, काळोखात काही दिसत नाही, आणि रस्त्यावर हरणं, कधी काळ्या गाई. दूर उभं राहून विजा बघा, तेवढ्याने भागतं.

विजेबद्दल जरा जास्त सांगायला हवं. पाठलागावर जाणारे तिला किरकोळ समजतात. सन 2000 मध्ये याच भागात, कॅन्सस-कोलोरॅडो-नेब्रास्काच्या सीमेवर, वादळांतल्या विजेवर स्टेप्स नावाचा मोठा अभ्यास झाला. इथल्या बऱ्याच वादळांत विद्युतभारांची रचना नेहमीच्या उलट आढळली, आणि जमिनीवर पडणाऱ्या धन भाराच्या विजांचं प्रमाणही इथे जास्त. अशी वीज पावसापासून दूर, ऐरणीखालच्या कोरड्या हवेतही पडते. माळावर सर्वांत उंच वस्तू तुम्हीच, नाहीतर तुमचा ट्रायपॉड. गडगडाट ऐकू आला की गाडीत, काचा वर. काटेरी तारेच्या कुंपणाला टेकून फोटो काढायचे नाहीत. मैलभर लांब पडलेली वीज तारेतून येऊ शकते.

गारा. जमीन उंच असल्यामुळे गारांना वितळायला वाट कमी मिळते, म्हणून वायोमिंगमधलं शायेन शहर आणि डोंगरपायथ्याचा हा पट्टा गारांसाठी बदनाम. पावणेदोन इंची गार पत्र्याला खड्डे पाडते, पावणेतीन इंची समोरची काच फोडते. गारा जवळ आल्याची खूण आधी कानाला येते: न थांबणारा, खर्जातला, एकसुरी आवाज, गडगडाटाशी संबंध नसलेला. वर हवेत गारा एकमेकींवर आपटत असतात. नंतर ताज्या चुरडलेल्या गवताचा आणि पिकाचा उग्र वास. गारा पडून गेलेल्या रस्त्यावर पांढरा थर आणि गुडघाभर धुकं. तिथे गाडी सर्रकन घसरते. भाड्याच्या गाडीला गारांचं संरक्षण आहे का, हे तुमच्या विमा कंपनीकडून लेखी घ्या. क्रेडिट कार्डाच्या भरवशावर राहू नका.

आणि पूर. ज्या पूर्वेच्या वाऱ्याचं मी इतकं कौतुक केलं, तोच, उंचावरचा वारा अगदीच पडलेला असेल तर, जीव घेतो. 31 जुलै 1976 ला असाच ओला पूर्वेचा वारा चढत होता, वर वादळ ढकलायला कोणी नव्हतं, आणि बिग थॉम्सन दरीच्या डोक्यावर एक वादळ तासन् तास उभं राहिलं. काही तासांत फूटभर पाऊस, 144 माणसं गेली. राज्याच्या शताब्दीचा आदला दिवस होता तो. 28 जुलै 1997 ला फोर्ट कॉलिन्सला पुन्हा तसंच; पाच जण गेले. म्हणून वादळाच्या दिवशी डोंगरातल्या दऱ्यांत शिरायचं नाही, डोंगरातल्या एस्टीस पार्क गावाची सहल कोरड्या दिवसासाठी ठेवा, आणि वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही.

एक गोष्ट वागणुकीची. जूनच्या अखेरीस इथे गहू कापणीला आलेला असतो. दक्षिणेकडून हार्वेस्टरच्या टोळ्या आलेल्या, धान्याचे ट्रक रात्रंदिवस एलिव्हेटरकडे, म्हणजे धान्याच्या उंच कोठारांकडे चाललेले. ज्या गारांचा फोटो मिळाला म्हणून तुम्ही उड्या मारताय, त्यांनी कुणाचं तरी वर्षभराचं पीक वीस मिनिटांत झोडपलेलं असतं, आणि तो माणूस गॅस स्टेशनवर तुमच्याच मागे कॉफीच्या रांगेत उभा असतो. आवाज खाली ठेवा. शेताच्या फाटकासमोर गाडी लावू नका, ट्रकला आधी जाऊ द्या. विचारलंत तर हीच माणसं हवामान खात्याच्या आधी सांगतात की आज काय होणार आहे, कारण सकाळपासून वारा कुठला आहे हे त्यांना घराबाहेर पडताच कळलेलं असतं.

राहण्याचं: पहिली रात्र डेन्व्हर विमानतळाजवळ, बाकी काहीही आधी आरक्षित करू नका. संध्याकाळी जिथे असाल तिथून जवळचं गाव: लिमन, बर्लिंग्टन, स्टर्लिंग, सिडनी, ओगलाला. अपवाद दोन. चार जुलैचा वीकेंड, आणि जुलैच्या उत्तरार्धात शायेनला भरणारी फ्रंटियर डेज ही रोडिओची मोठी जत्रा. तेव्हा खोल्या मिळत नाहीत. शाकाहारी असाल तर मेक्सिकन हॉटेलं आणि सबवे यांवर दिवस काढावे लागतील; दशम्या, चटणी आणि चिवडा सोबत असू द्या. अर्धी टाकी झाली की भरायची, आणि पेट्रोल पंप दिसला की मुलीला बाथरूमला पाठवायचं, गरज असो वा नसो. पुढचा पंप चाळीस मैलांवर असू शकतो.

दहातले अर्धे दिवस कोरडे जातील असं धरूनच या. पूर्ण आठवडाभर उच्च दाब कॅन्सस-कोलोरॅडोवर ठाण मांडून बसला, तर दोन पर्याय: त्याच्या कडेला, म्हणजे साउथ डकोटा आणि माँटानाकडे जा, बॅडलँड्स आणि ब्लॅक हिल्सही बघून होतील, किंवा आहात तिथेच रिकामे दिवस सत्कारणी लावा. कॅन्ससमधले मॉन्युमेंट रॉक्स, कोलोरॅडोचे पॉनी ब्यूट्स, नेब्रास्कातला स्कॉट्स ब्लफ आणि अलायन्सजवळ जुन्या गाड्या उभ्या पुरून केलेलं कारहेंज, यातलं काहीही दुपारपर्यंत उरकतं आणि वारा फिरला तर तिथूनच निघता येतं. तेरा वर्षांच्या मुलीला कारहेंज नक्की आवडेल. मोठ्यांची खात्री देत नाही.

परतीचं विमान सकाळचं घ्या. दुपारी तीननंतर याच वादळांमुळे डेन्व्हरची उड्डाणं तासन् तास रखडतात, आणि शेवटच्या दिवशी पूर्वेचा वारा सुटला असेल तर तुमच्या मुलीला दुपारी विमानतळावर बसवून ठेवणं तुम्हाला जमणार नाही.